साहेबांचे उजेडाचे दिवस

मंडईत ओल्या हरभऱ्याच्या जुड्या दिसायला लागल्या की मला दोन गोष्टी एकदमच आठवतात. एक म्हणजे, आईची बोटं आता महिना-दोन महिने हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबट आंबेने चुरचुरणार. आणि दुसरी म्हणजे, साहेब उजेडात आले असतील.

परवा सकाळी तेच झालं. कॉलेजला जाता जाता आईला डबा द्यायला मंडईत उतरले होते. आई लिंबं, आलं, मिरची मांडून बसली होती आणि पुढ्यात हिरव्यागार जुड्यांचा ढीग. पानांवर अजून दव होतं. त्यातली एक उचलून मी नाकाशी धरली, तर आई म्हणाली, "खायचं तर खा. वास कसला घेतीस? गिऱ्हाईक बघतंय." मी हसले. बसमध्ये बसल्यावर मोबाईलवर उपग्रहांचं वेळापत्रक उघडलं. एका ओळीपुढे एरवी सावलीच्या वेळा लिहिलेल्या असतात, ती जागा रिकामी होती. सावली नाही. पूर्ण फेरी उजेडात.

साहेब म्हणजे कुणी माणूस नाही. हौशी रेडिओवाल्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून सोडलेला तो एक जुना उपग्रह आहे. त्याला रीतसर नाव आहे, क्रमांक आहे, पण वारज्यात आम्ही त्याला साहेबच म्हणतो. हे नाव शिंत्रे काकांनी ठेवलं. काकांची सगळी नोकरी खडकीच्या एका कारखान्यात गेली, त्यामुळे साहेब या प्राण्याबद्दल त्यांची मतं ठाम आहेत. "उजेड असला की कामावर हजर, सावली आली की रजेवर," ते म्हणायचे. "आणि रजेवरून परत आले की काल काय ठरलं होतं ते साफ विसरलेले. साहेब नाहीत तर काय?"

ही नुसती थट्टा नाही, त्या उपग्रहाचं हे अगदी नेमकं वर्णन आहे. तो सत्तरच्या दशकात सोडला. काही वर्षांनी त्याची बॅटरी आतल्या आत जोडली जाऊन, म्हणजे शॉर्ट होऊन, मेली आणि तो गप्प झाला. वीसेक वर्षं गप्प होता. सगळ्यांनी त्याचं नाव सोडून दिलं. मग एके दिवशी कुणाच्या तरी रेडिओवर त्याचा आवाज आला. झालं असं होतं की त्या मेलेल्या बॅटरीतला जोड आपोआप तुटला होता. आता सूर्यपट्ट्यांवर जी वीज तयार होईल ती थेट रेडिओकडे जात होती. मधे साठवणारं काहीच नव्हतं. ऊन आहे तोवर तो बोलतो. पृथ्वीच्या सावलीत शिरला की त्याच क्षणी मरतो, आणि पलीकडून उजेडात आला की कोरी पाटी घेऊन उठतो. त्याचं घड्याळसुद्धा शून्यापासून सुरू होतं.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी इलेक्ट्रॉनिक्सच्या पहिल्या वर्षाला होते. त्यात विज्ञान आहे हे मला दिसत होतं, पण खरं सांगायचं तर मला आधी आमचं घर दिसलं. साठवलेलं काही नाही, आज जे मिळालं त्यावर आज चालायचं, अशी माणसं मला माहीत होती. वडील टेम्पो चालवतात, आई मंडईत बसते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच.

पण वर्षातून एकदा या उपग्रहाचे चांगले दिवस येतात. त्याची कक्षा अशी येते की काही आठवडे तो सावलीत जातच नाही. पृथ्वीवर जिथे दिवस आणि रात्र एकमेकांना भेटतात, त्या रेषेवरून तो चालत राहतो. म्हणून त्या दिवसांत तो आमच्या डोक्यावर येतो ते सकाळी ऊन येता येता, नाहीतर संध्याकाळी ऊन जाता जाता. मी पहिल्या वर्षाला होते त्या वर्षी हे दिवस पौष-माघात आले होते. मी ज्या ऋतूबद्दल लिहायला बसले आहे तो हा ऋतू. पंचांगात याला नाव नाही.

कॉलेजात मी बोलत नसे. पहिल्याच आठवड्यात सरांनी काहीतरी विचारलं, मी उभी राहून "न्हाय सर" म्हणाले आणि मागचे दोन बाक हसले. कुणी वाईट नव्हतं, त्यातली एक आज माझी मैत्रीण आहे. पण त्यानंतर मी प्रत्येक वाक्य आधी मनात धुऊन घ्यायची, आणि ते वाळेपर्यंत वर्गात पुढचा विषय निघालेला असायचा. जे थोडंफार बोलायची ते इतकं हळू की सगळे शिक्षक एकच सांगायचे, मोठ्याने बोल.

अशात शिंत्रे काका आमच्या प्रयोगशाळेत प्रात्यक्षिक दाखवायला आले. उंच, किडकिडीत, गळ्यात मफलर. हातात प्लॅस्टिकच्या पाइपला शिंप्याच्या नव्हे, सुताराच्या पोलादी मापपट्टीचे तुकडे आडवे बांधून केलेली अँटेना. "ही धरून उभं राहायला एक माणूस हवाय," ते म्हणाले. "बोलायचं काही नाही." मी हात वर केला. बोलायचं नव्हतं म्हणूनच केला.

पाच मिनिटांनी काका म्हणाले, "आपण अँटेना धरलीय की छत्री?"

मला आयुष्यात कुणी "आपण" म्हटलं नव्हतं. टोमणा मारतानासुद्धा. मी अँटेना नीट धरली.

काकांच्या सोसायटीची गच्ची आमच्या खोलीपासून चालत दहा मिनिटांवर. तिथे कायमची अँटेना लावायला सोसायटीने मनाई केली होती. काकांनी एकदा लावली होती, तेव्हा एका बाईंनी तिच्यावर टॉवेल वाळत घातला. काकांनी पाटी लावली: "ही दोरी नाही. येथे वाळत घातलेले कपडे अवकाशात गेल्यास सोसायटी जबाबदार नाही." त्यानंतर झालेल्या सभेत अँटेना आणि पाटी दोन्ही उतरवायचं ठरलं. म्हणून मग हातात धरायची अँटेना. आणि काकांना एका हाताने रेडिओचं चाक फिरवायचं आणि दुसऱ्या हाताने बोलायचं बटण दाबायचं असल्यामुळे, तिसरा आणि चौथा हात माझा.

त्या सकाळी मला अजून जशाच्या तशा आठवतात. पायाखाली गार फरशी. खाली कुणीतरी पालापाचोळा पेटवलेला, त्याचा धूर वर येऊन धुक्यात मिसळायचा. महामार्गावरून ट्रक हॉर्न देत जायचे. जवळ येताना हॉर्न चढा, लांब जाताना उतरता. "हे आलं की सगळं आलं," काका सांगायचे. "साहेबही येताना चढ्या सुरात, जाताना उतरत्या सुरात. आपण चाक फिरवून त्यांच्या मागे जायचं. ते आपल्या मागे येणार नाहीत." सहसा दक्षिणेकडून तो यायचा. खडकवासल्याच्या बाजूला अँटेना रोखून मी उभी राहायची आणि हेडफोनमधल्या खरखरीत आधी काहीच नसायचं. मग दूर कुठेतरी चार टिंबं, दोन टिंबं. पुन्हा चार, दोन. हा त्याचा स्वतःचा आवाज, मोर्समधला, माणूस असो नसो सतत चालू असणारा. त्या टिंबांचा अर्थ तारेच्या भाषेत हसणं असा होतो.

"आले. हसतायत," काका म्हणायचे आणि मफलर सैल करायचे.

हसून झालं की तो आकडे सांगायचा. स्वतःचं तापमान, स्वतःची वीज. ते मोजणारे भाग केव्हाच बिघडलेले आहेत, त्यामुळे ते आकडे आता खरे नसतात. तरी तो सांगतो. काका ते उतरवून घ्यायचे. मी विचारलं, खोटे आहेत तर कशाला लिहायचे? काका म्हणाले, "अहो, म्हातारं माणूस तब्येतीचं सांगतंय. ऐकून घ्यायचं."

वीसेक मिनिटांत तो आकाश ओलांडून उत्तरेला उतरायचा. एवढ्या वेळात लोक त्याच्यामार्फत बोलून घ्यायचे. चारशे बत्तीस मेगाहर्ट्झच्या आसपास आपण वर पाठवायचं, तो ते एकशे पंचेचाळीसच्या आसपास खाली सोडतो. एकाच वेळी दहा-बारा जणांचं. पण आरशासारखं उलटं करून: आपण वर सरकलो की आपला आवाज खाली सरकतो. आणि त्याच्याकडे वीज ठरावीक. ती सगळ्यांत वाटली जाते. एकाने जोर लावला की बाकीच्यांचा आवाज तेवढा बसतो. फारच जोर लावला तर साहेबच आडवे होतात. म्हणून यांच्यात एक रीत आहे, कुठल्या कायद्यात नसली तरी जगभर पाळली जाणारी. आपला परत आलेला आवाज त्या टिंबांपेक्षा मोठा असता कामा नये. यजमानापेक्षा मोठ्याने बोलायचं नाही.

आणि त्याआधीची रीत: आधी स्वतःला ऐकायचं. वर पाठवलेलं खाली येताना आपल्याच हेडफोनमध्ये ऐकू येतं. ते ऐकू आल्याशिवाय पुढे बोलायचं नाही. "जो न ऐकता बोलत सुटतो त्याला आमच्यात मगर म्हणतात," काका म्हणाले होते. "तोंड मोठं, कान नाहीत."

मी ते वहीत लिहून घेतलं होतं. लिहून घेण्यात मी पहिल्यापासून हुशार.

काकांचे एक मित्र होते, मॅथ्यू मास्तर. केरळात समुद्रकाठच्या एका गावात निवृत्त शाळामास्तर. पंधरा-सोळा वर्षं दोघं या उपग्रहावरून बोलत होते आणि एकदाही भेटले नव्हते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर काका पेन्सिलने वेळा लिहून ठेवायचे. बोलणं काय? "तिकडे पाऊस?" "नाही. तिकडे?" "नाही. आवाज छान येतोय." "तुमचाही." मी म्हटलं, काका, मग फोन का नाही करत? तर काका म्हणाले, "अहो, फोन केला की तो तब्येत विचारणार. मग मी गुडघ्याचं सांगणार. मग तो बायपासचं सांगणार. संपलंच की सगळं. इथे कसं, वेळच नसतो."

त्या पौषात मास्तरांनी सांगितलं की माघ संपला की ते बेंगळुरूला मुलीकडे राहायला जाणार. अकराव्या मजल्यावर घर, गच्चीला कुलूप, अँटेना नाही. रेडिओ ते गावातल्या शाळेला देऊन जाणार होते. काकांनी कॅलेंडर बघितलं. दोघांच्याही डोक्यावर साहेब चांगले उंच असतील अशा, मास्तर जाण्याआधीच्या वेळा तीनच निघाल्या. काकांनी त्या तीन तारखांभोवती पेन्सिलने गोल केले.

त्याच सुमारास माझा परवाना आला. परीक्षा मी दिवाळीआधी दिली होती. सरकारी लिफाफ्यात माझ्या नावापुढे एक संकेतनाम होतं, भारताची अक्षरं, एक आकडा आणि पुढे तीन अक्षरं. जगात ते दुसऱ्या कुणाचं नाही. आईने ते पत्र देव्हाऱ्याखाली ठेवलं आणि विचारलं, "ह्यानं काय करता येतं?"

"बोलता येतं," मी म्हटलं.

"त्याला परवाना लागतो?" आई म्हणाली.

पहिल्या गोलाच्या दिवशी सकाळी थंडी कडक होती. साहेब क्षितिजावर आले, टिंबं लागली. मास्तरांशी ठरलेली वेळ अजून दोन-तीन मिनिटांनी होती. काका म्हणाले, "कानटोपी राहिली. मी आलोच. तोवर आपण आपला आवाज शोधा. जोर कमी." अँटेना त्यांनी कठड्याला टेकवून दिली आणि खाली गेले.

मी बटण दाबून माझं संकेतनाम म्हटलं. हेडफोनमध्ये काहीच आलं नाही. पुन्हा म्हटलं. नाही. मला वाटलं, नेहमीचंच. माझा आवाज पोचतच नाही. आरशाची गोष्ट मी विसरले होते. जिथे तो खाली आला असता तिथे न शोधता मी वरच्या बाजूला शोधत होते. पण त्या क्षणी माझ्या कानात फक्त सगळ्या शिक्षकांचं ते एक वाक्य होतं. मी जोराचं बटण फिरवलं. आणखी फिरवलं. शेवटपर्यंत नेलं आणि आयुष्यात बोलले नव्हते एवढ्या मोठ्याने बोलले.

आधी टिंबं डोलायला लागली, कॅसेट अडकल्यासारखी. लांब कुणीतरी बोलत होतं, त्याचा आवाज पाण्यात बुडाल्यासारखा झाला. त्याच्यामागे मास्तरांचा आवाज उमटला, ते काकांना हाक मारत होते. अर्धी हाक आली. मग सगळं थांबलं. नुसती खरखर.

काका कानटोपी घालून वर आले. "पडले?" त्यांनी विचारलं. त्यांनी जोराच्या बटणाकडे बघितलं. "अस्सं," म्हणाले आणि खुर्चीवर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. साहेब मावळेपर्यंतची सगळी मिनिटं त्यांनी कानावरचा हेडफोन काढला नाही. खरखर ऐकत बसले. शेवटी नोंदवहीत लिहिलं: साहेब रजेवर. माझं नाव कुठेच लिहिलं नाही.

त्यानंतर मी गेलेच नाही. काकांचे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. दुसऱ्या गोलाच्या दिवशी सकाळी, जी वेळ मला तोंडपाठ होती त्या वेळी, मी मंडईत आईशेजारी बसले होते. संक्रांत होऊन गेलेली, तरी बोरं, गाजरं, मटार यांची गर्दी होती. आईने थोडा वेळ मला मटार निवडू दिले. मग विचारलं, "काय केलंस?"

मी सांगितलं. उपग्रह, वीज, वाटणी, मगर, सगळं. मला वाटत होतं तिला कळणार नाही, म्हणूनच सांगता आलं बहुतेक.

आईला माझ्यापेक्षा लवकर कळलं. "नवी बाई बसायला आली की पहिल्या दिवशी अशीच वरडती," ती म्हणाली. "तिला वाटतं आपलं कुणाला ऐकूच जात न्हाय."

"मग तुम्ही काय करता?"

"काय करायचं? आम्ही समद्या गप बसतो. मग तिचं तिलाच ऐकू येतं." तिने एका गिऱ्हाइकाला आलं दिलं, पदराला हात पुसला. "आन् ते दांडकं आता कोण धरतंय?"

"कुठलं?"

"तूच म्हणलीस न्हवं, काकांना दोनच हात हायेत."

माझ्या हातातला मटार तसाच राहिला. मी माझ्या लाजेचा एवढा विचार केला होता की ही साधी गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. पहिली वेळ मी बोलून घालवली होती. दुसरी न जाऊन घालवत होते.

आईने हरभऱ्याची एक जुडी आणि मूठभर बोरं कागदात बांधली. "द्यायला ने. आन् तिथं जाऊन रडू नगंस, त्यांना अवघड वाटंल."

मी पोचले तेव्हा साहेब केव्हाच उतरून गेले होते. काका गच्चीवरच होते. त्यांनी अँटेना एका खुर्चीच्या पाठीला पायजम्याच्या नाडीने बांधली होती. मला बघून म्हणाले, "वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, काका, करंट बसंल." मग म्हणाले, "खुर्चीने चार मिनिटं दिली. त्यानंतर साहेब वळले, खुर्ची वळली नाही."

मी म्हटलं, "काका, चुकलं माझं."

"हो," काका म्हणाले. "मी सुरुवातीला असाच एक उपग्रह पाडला होता. मला तर तीन देशांतून पत्रं आली." त्यांनी कागद सोडला, एक बोर तोंडात टाकलं. "आता एकच गोल उरलाय. आपण रिकाम्या आहात का?"

शेवटचा गोल संध्याकाळचा होता. संध्याकाळी साहेब उलटे, उत्तरेकडून यायचे. टेकडीमागे ऊन तांबूस होऊन उतरत होतं. मी अँटेना धरली आणि या वेळी छत्रीसारखी धरली नाही. टिंबं आली, चार, दोन. काकांनी मास्तरांना हाक मारली आणि मास्तर आले. सुरुवातीला बदकासारखा आवाज, मग काकांनी चाक जरासं फिरवलं आणि आतून माणूस निघाला.

"तिकडे पाऊस?"

"नाही. तिकडे?"

"नाही."

मी हात हळूहळू वर नेत होते. दंड भरून आले होते, तरी साहेबांवरून नेम हलू दिला नाही. साहेब डोक्यावर आले तेव्हा काकांनी माईक माझ्यापुढे केला. मी मान हलवली. "काका, ही तुमची मिनिटं आहेत."

"आमचं बोलून झालं," काका म्हणाले. "सोळा वर्षं तेच बोलतोय. आणा ते इकडे." त्यांनी माझ्या हातातून अँटेना घेतली. गुडघ्याने कुरकुरणारा तो माणूस माझ्यासाठी अँटेना धरून उभा राहिला.

मी खुर्चीवर बसून जोर सगळ्यात कमी केला. बोलले. काही ऐकू आलं नाही. हात आपोआप बटणाकडे गेला आणि मी तो मांडीखाली घेऊन बसले. आरसा, मी स्वतःला सांगितलं, उलट्या बाजूला बघ. चाक खाली नेलं. पुन्हा बोलले. आणि टिंबांच्या खालच्या अंगाला, बारीक, किंचित उशिरा, एक मुलगी माझं संकेतनाम म्हणत होती. तिला मी आधी ओळखलं नाही. हजार मैल जाऊन आलेला आवाज होता तो, आणि माझा होता, आणि त्याला काही झालं नव्हतं.

मग मास्तरांनी उत्तर दिलं. शाळेत हजेरी घेतल्यासारखं माझं एकेक अक्षर नीट उच्चारलं आणि म्हणाले, तुमचा रिपोर्ट पाच-तीन.

माझा चेहरा पडला असणार. तीन म्हणजे नापासच. काका अँटेनेआडून म्हणाले, "अहो, पहिला आकडा बघा. तीन म्हणजे आवाज बारीक. पाच म्हणजे अक्षर न् अक्षर कळलं. त्यात पाचाच्या वर आकडाच नाही."

शेवटचं दीड मिनिट काकांनी माईक घेतला, मी अँटेना. रेडिओवाले निरोप घेताना त्र्याहत्तर म्हणतात, आपला रामराम तसा. दोघांनी एकमेकांना त्र्याहत्तर म्हटलं. मास्तर पुढे आणखी काही म्हणत होते, पण साहेब दक्षिणेला उतरले आणि ते वाक्य खरखरीत विरून गेलं. काकांनी कानावरचा हेडफोन काढला. मी अँटेना खाली घेत होते तर म्हणाले, "असू दे जरा." साहेब क्षितिजाखाली गेल्यावरही आम्ही बराच वेळ तसेच उभे होतो, खडकवासल्याच्या बाजूला अँटेना रोखून.

पुढे महिन्याभराने मास्तरांचं कार्ड आलं. त्यांच्या गावच्या खाडीचं चित्र, मागे माझं संकेतनाम आणि सुंदर अक्षरात पाच-तीन. ते आता परवान्याशेजारी आहे.

याला तीन वर्षं झाली. मास्तरांनी मधे काकांना एकदा फोन केला होता. गुडघा, बायपास, सगळं झालं. काका म्हणाले, "सांगितलं होतं ना मी." तरी आता दर रविवारी करतात. वर्गात मी अजून हळूच बोलते. फक्त वाक्य धुऊन वाळवत बसत नाही. प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाची मुलं येतात, त्यांना मी आधी ऐकायला बसवते आणि ती कंटाळतात.

काकांना आता गच्चीचे जिने चढवत नाहीत. त्यांच्या बाल्कनीतून आकाशाची एक फोड दिसते, तेवढ्यावर ते भागवतात. काल संध्याकाळी मी आईला टेकडीवर घेऊन गेले. मंडईतून दमून आली होती, तरी आली. वरून वारज्याच्या इमारतींना दिवे लागत होते. मी तिच्या हातात अँटेना दिली. "कुठं धरू?" म्हणाली. मी दाखवलं. तिने हरभऱ्याची जुडी धरावी तशी, खाली पाणी सांडू नये अशी धरली. हेडफोनचा एक कान तिच्या कानाला लावला, एक माझ्या.

टिंबं आली. "हे काय वाजतंय?"

"साहेब हसतायत."

मी जोर कमी ठेवून हाक दिली. काकांनी बाल्कनीतून उत्तर दिलं. आई दचकली. "हे शिंत्रे काका? आगं ते त्या चौकात ऱ्हातात की. एवढ्या लांबनं कशाला बोलताय?"

"तू ऐक ना." मी पुन्हा बोलले, आणि वरून खाली माझा आवाज आला. आईने अँटेना तशीच स्थिर धरली. डोळे मिटले. मंडईच्या गोंगाटात गिऱ्हाइकाचं नेमकं बोलणं ऐकताना ती अशीच मान तिरकी करते.

"ही तूच हायेस?"

"हो."

तिने आणखी थोडा वेळ ऐकलं. "बारीक येतोय," आई म्हणाली. "पन समदं कळतंय."

मी नोंदवही उघडली आणि तारखेपुढे आईचं नाव लिहिलं. त्याच्यापुढे तिने दिलेला रिपोर्ट.